जुनी गाडी दर उन्हाळ्यात का तापते? कारण शोधण्याची पद्धत

मार्च संपत आला की पुण्यातील गॅरेजांपुढे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्या दिसू लागतात. तक्रार बहुधा ठरलेली असते: गेल्या उन्हाळ्यात रेडिएटर बदलला, त्याआधी वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) तर काढूनच टाकला, तरीही काटा लाल रेषेकडे जातोच. ही तक्रार वर्षानुवर्षे परत येते, कारण भाग बदलले जातात, पण निदान झालेले नसते. इंजिन तापण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी बरीचशी घरच्या पार्किंगमध्येच, फारशा अवजारांशिवाय ओळखता किंवा बाद करता येतात. त्यासाठी गॅरेजची पायरी चढण्याआधी दोन प्रश्नांची नेमकी उत्तरे हाताशी हवीत. काटा कोणत्या परिस्थितीत चढतो, हा पहिला प्रश्न. आणि पाणी कमी होते का, होत असल्यास ते जाते कुठे, हा दुसरा. ही उत्तरे न घेता जो मेकॅनिक थेट सुट्या भागांची यादी लिहून देतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी गाडी खरोखरच तापते आहे का, याची खात्री करावी. जुन्या गाडीतील तापमानाचा काटा हा फारसा भरवशाचा साक्षीदार नसतो. इंजिन चालू असताना हेडलाइट आणि ब्लोअर लावले आणि त्याच क्षणी काटा हलला, तर दोष पाण्यात नसून अर्थिंगच्या वायरमध्ये आहे. इंजिनाचे तापमान एका क्षणात बदलत नाही. खरे तापमान पाहण्यासाठी साधा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. मात्र चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो बराच कमी आकडा दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. तेथे ९० अंशांच्या आसपास आकडा दिसत असेल आणि काटा मात्र लाल रेषेला टेकलेला असेल, तर सेन्सर किंवा मीटर तपासावा आणि रेडिएटरला हात लावू नये. याच्या उलट प्रकार अधिक घातक असतो. पाणी जवळजवळ संपले की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि चढलेला काटा अचानक खाली येतो. घाटात असा काटा उतरला, तर गाडी थंड झाली असे समजू नये; ती लगेच बाजूला घेऊन बंद करावी.

यापुढची तपासणी रेडिएटरच्या टोपणापासून सुरू करावी, कारण हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी १०० नव्हे, तर साधारण ९८ अंशांना उकळते. महाबळेश्वरला तोच आकडा ९५-९६ च्या घरात जातो. टोपणाच्या आत असलेली स्प्रिंग घरातल्या कुकरच्या शिट्टीप्रमाणे दाब धरून ठेवते. टोपणावर ०.९ असा आकडा असेल, तर तेवढ्या बार दाबाखाली पुण्यात पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११८ अंशांपर्यंत जातो आणि कूलंट (पाण्यात मिसळायचे रसायन) मिसळलेले असल्यास त्याहूनही वर. आता जुन्या छोट्या गाड्यांतील विजेचा पंखा साधारण ९२ ते ९८ अंशांच्या दरम्यान सुरू होतो, हे लक्षात घ्यावे. म्हणजे टोपणाचे रबर कडक होऊन दाब निसटत असेल, तर पंखा नुकता फिरू लागतो तोच आत पाणी उकळण्याच्या बेतात आलेले असते. अशा गाडीत बाकी सर्व काही ठीक असूनही ती पाणी बाहेर फेकते आणि मालक रेडिएटर बदलून मोकळा होतो.

टोपण तपासणे सोपे आहे. इंजिन पूर्ण थंड असताना ते काढून रबराच्या कडेवर बोट फिरवावे. तेथे भेगा, कडकपणा किंवा गंजाचा थर असल्यास ते बदलावे. मधली छोटी झडप नखाने ओढल्यावर सहज उघडून परत बसली पाहिजे. ही झडप अडकली असेल, तर गाडी थंड होताना बाजूच्या बाटलीतील पाणी रेडिएटरमध्ये परत ओढले जात नाही, बाटली भरलेलीच राहते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. सकाळी वरचा होज पाइप चेपून चपटा झालेला दिसला, तर तेही याचेच लक्षण आहे. केवळ बाटलीतील पातळी पाहून पाणी भरपूर आहे असे मानणारे अनेक जण येथेच फसतात. नवे टोपण नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या कोणत्याही दुकानात सहज मिळते, पण जुन्यावरचा आकडा पाहूनच घ्यावे. जास्त दाबाचे टोपण लावले तर गाडी आणखी कमी तापेल, हा समज जुन्या रेडिएटरच्या जिवावर बेतणारा आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. गाडी सिग्नलला किंवा हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत उभी असताना तापते, पण मोकळा रस्ता मिळताच काटा खाली येतो, असे होत असेल, तर पाण्याचे अभिसरण बहुधा ठीक आहे आणि कमतरता हवेची आहे. चालत्या गाडीला हवा आपोआप मिळते. उभ्या गाडीला ती फक्त पंखा देतो. म्हणून येथे आधी पंखाच पाहावा. एसी लावताच पंखा सुरू होत असेल आणि एसीविना इंजिन तापूनही तो सुरू होत नसेल, तर मोटर चांगली आहे आणि दोष पंखा सुरू करणाऱ्या सेन्सरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा रिलेमध्ये आहे. दोन्ही वेळा फिरत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा आणि मग मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊन पाहावी. तो फिरतो, पण मलूलपणे, असे दिसल्यास मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतांश जुन्या डिझेल गाड्यांत पंखा इंजिनावरच असतो. तेथे बेल्टचा ताण आणि व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट तेलाच्या साह्याने पंख्याला फिरवणारा जोड, पाहावे. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने ढकलून पाहिल्यास त्याला चांगला अटकाव जाणवला पाहिजे. तो मोकळाच गरगर फिरत राहिला, तर कपलिंगमधील तेल गेले आहे.

पंखा फिरतो, एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. कोथरूडमधील आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांची जुनी सेडान दोन उन्हाळे तापत होती. एका गॅरेजमध्ये पंख्याची मोटर बदलली, पुढे रेडिएटरही नवा बसवला, तरी चांदणी चौकातील कोंडीत काटा चढायचाच. प्रत्येक जण बॉनेट उघडून पाहायचा आणि पंखा जोरात फिरतो आहे, असे सांगून ते मिटायचा. शेवटी इंजिन तापून पंखा सुरू झाल्यावर जाळीसमोर वर्तमानपत्राचे एक पान धरले, तेव्हा ते जाळीला चिकटण्याऐवजी फडफडत पुढे उडाले. मोटर बदलताना तिच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती आणि पंखा उलटा फिरून इंजिनाकडची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. वायरी बदलण्याचे काम काही मिनिटांचे होते. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा हवा नेहमी आत ओढतो, त्यामुळे कागदाची ही परीक्षा कोणालाही करता येते. पान चिकटते, पण मध्यभागीच, कडेला नाही, असे दिसल्यास पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण तुटलेले किंवा काढून टाकलेले असते. ते शोभेसाठी नसते. ते नसेल तर पंखा आपल्या भोवतीचीच हवा घुसळत बसतो.

हवा अडवणारी दुसरी जागा डोळ्यांना दिसत नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, वाळकी पाने आणि बांधकामांवरचा सिमेंटचा गाळ यांचा नमद्यासारखा थर बसतो. पुढून पाहिले तर जाळी स्वच्छ वाटते. रेडिएटरचे वरचे स्क्रू सोडवून तो किंचित मागे कलवल्यावर मधला कचरा दिसतो. तो साध्या नळीच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे, असा उलट दिशेने काढावा. वॉशिंग सेंटरवरची जोरदार फवारणी पातळ पत्र्या वाकवून टाकते आणि मग उरलीसुरली हवाही बंद होते. पुढे बसवलेला भक्कम गार्ड, जादा दिवे आणि नंबरप्लेटची मोठी पट्टी यांनी जाळीचा बराच भाग झाकलेला असेल, तर तेही काढून पाहावे.

याच्या उलट, शहरात गाडी निमूट चालते, पण महामार्गावर वेग वाढला की किंवा साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर काटा वर सरकतो, असे असेल, तर पंख्यावर वेळ घालवू नये. वेगात हवा भरपूर मिळत असते. तरीही उष्णता बाहेर पडत नसेल, तर पाणी फिरत नाही किंवा रेडिएटरच्या आतल्या नळ्या बुजल्या आहेत. घाटाची परिस्थिती थोडी निराळी असते, कारण ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनावर भार पूर्ण आणि हवा जेमतेम असते, त्यामुळे तेथे दोन्ही प्रकारचे दोष उघडे पडतात. म्हणून दोष ओळखायला सपाट महामार्गावरचे वर्तन अधिक उपयोगी पडते.

आतून बुजलेला रेडिएटर ओळखण्यासाठी पुन्हा तोच थर्मामीटर वापरावा. पंखा चालू असताना पाणी ज्या बाजूने आत येते तेथून दुसऱ्या बाजूपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर आकडे घ्यावेत. ते हळूहळू उतरत गेले पाहिजेत. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला, तर तेथील नळ्यांतून पाणी वाहत नाही. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरच्या टाक्या उघडून, सळई घालून तो साफ करणारे आणि झाळून देणारे कारागीर पुण्यात आजही आहेत आणि ते काम टिकते. अ‍ॅल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला असे उपचार मानवत नाहीत. तो बदललेलाच बरा. रेडिएटर मोकळा असेल, तर खालचा होज पाहावा. एखाद्या मदतनिसाला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगून तो होज आत ओढला जाऊन चपटा होतो का, हे पाहावे. आतली स्प्रिंग गंजून गेलेल्या जुन्या होजला हा रोग असतो आणि तो इंजिन आयडलवर असताना कधीच दिसत नाही. वॉटर पंपाच्या दांड्याखाली एक बारीक छिद्र असते. त्यातून पाण्याचे ओघळ किंवा वाळलेल्या कूलंटचे डाग दिसले, तर पंपाचे सील गेले आहे. पंपाची पाती गंजून झिजलेली असतील, तर ती मात्र पंप उघडल्याखेरीज कळत नाहीत.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण येथे आपल्याकडील एक जुनी सवय आड येते. गाडी तापली की व्हॉल्व्ह काढून टाकायचा, आपल्या हवामानात त्याची गरज नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, मार्ग बंद करतो, तेथे तो काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच इंजिनात परत फिरतो आणि भरधाव चालताना गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. इतर इंजिनांत उलट घडते. सकाळच्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन नीट गरमच होत नाही, फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत संगणक थंड इंजिनासाठीचे जादा पेट्रोल सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज घटतो आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट खराब आहे की नाही हे घरीच कळते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने असा टांगावा, की तळाला टेकणार नाही. शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर धरावा. अंगावर ८२ अंक असेल, तर साधारण त्याच तापमानाला झडप हलू लागली पाहिजे आणि ९५ च्या सुमारास सात-आठ मिलिमीटर उघडलेली दिसली पाहिजे. पुण्यात पाणी ९८ ला उकळत असल्याने एवढी परीक्षा पातेल्यात पूर्ण होते. पाणी खळखळून उकळत असतानाही झडप जेमतेम फटीएवढी उघडत असेल, तर तो भाग टाकून द्यावा, पण त्याच्या जागी नवा बसवावा. बसवताना त्याच्यावरचे छोटे छिद्र आणि त्यातील हलती पिन वरच्या अंगाला यावी, म्हणजे अडकलेली हवा तेथून निघते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पाण्याकडे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारणारे अजूनही भेटतात. कूलंट गोठण्यापासून वाचवतो हे खरे, पण पुण्यातील गाडीसाठी त्याचे मोठे काम गंज रोखणे हे आहे. बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि कधी तांब्याचा रेडिएटर असे निरनिराळे धातू एकाच पाण्यात भिजत असतात. साधे पाणी असेल, तर ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या आतून कुजतात आणि एक दिवस अचानक गळू लागतात. पाणी कोणते, हेही येथे महत्त्वाचे आहे. खडकवासल्याचे नळाचे पाणी तुलनेने सौम्य आहे, पण उपनगरांतील अनेक सोसायट्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात आणि बेसॉल्टच्या खडकातून आलेले हे पाणी जड असते. बाथरूमच्या नळावर जो पांढरा क्षार साचतो, तोच इंजिनाच्या आत सर्वांत गरम भिंतींवर साचतो आणि उष्णता पाण्यात उतरू देत नाही. वाटेत अडचण आली तर मिळेल ते पाणी घालावे, त्याला इलाज नाही. पण नेहमीसाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. बाटलीवर तयार मिश्रण असे लिहिले असेल, तर त्यात आणखी पाणी घालू नये. हिरवा, लाल किंवा निळा रंग हे प्रकाराचे प्रमाण नाही, म्हणून रंगाला रंग जुळवून भर घालण्यापेक्षा सगळे काढून नव्याने भरणे श्रेयस्कर.

भरताना आत हवा राहिली, तर नवे कोरे भाग असूनही गाडी काही मिनिटांत तापते. पार्किंगच्या चढावर पुढची चाके वर येतील अशी गाडी उभी करावी, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, टोपण उघडे ठेवूनच थंड इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत होज दाबत सावकाश भर घालत राहावे. पंखा एकदोनदा सुरू होऊन बंद झाला की टोपण लावावे.

सीएनजी बसवलेल्या गाड्यांना आणखी एक तपासणी लागते. रेड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, गोठू नये म्हणून हीटरच्या लाइनला टी-जोड देऊन त्यातून गरम पाणी फिरवलेले असते. हे जोड वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही आणि तेथून होणारी गळती गरम इंजिनावर पडून वाळून जाते. काटा वर चढलेला असताना रेड्यूसरवर मात्र दव किंवा बर्फाचा थर दिसत असेल आणि गाडी गॅसवर झटके देत असेल, तर तेथपर्यंत गरम पाणी पोहोचतच नाही. अशा वेळी पाण्याची पातळी, अडकलेली हवा आणि वॉटर पंप याच क्रमाने पाहावे.

कुठेही गळती दिसत नाही, तरी पाणी घटतेच, अशा वेळी हेड गॅस्केटचा, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या पातळ पट्टीचा, संशय घ्यावा. पण हा संशय शेवटचा असावा, कारण हेड उतरवण्याचा खर्च जुन्या गाडीत जड जातो. रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू केल्यावर एकदोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर तो दाब पाण्याच्या उष्णतेचा नव्हे, तर सिलिंडरमधून येणाऱ्या वायूचा असतो. एखादाच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असणे आणि गरम इंजिनाचाही सायलेन्सर गोडसर वासाचा पांढरा धूर सोडत राहणे, ही याच रोगाची लक्षणे आहेत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी दिसले म्हणून मात्र लगेच घाबरू नये. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जी गाडी रोज मंडईपर्यंतच जाऊन येते, तिच्या झाकणाखाली असे लोणी साचतेच; डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर काळजी नाही. पक्का निर्णय रसायनाच्या परीक्षेने होतो. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतील हवा निळ्या द्रवातून ओढतात. तो पिवळा पडला, तर पेट्रोल इंजिनाचे गॅस्केट गेले आहे. हेड उतरवलेच, तर ते सपाट आहे का, हे पोलादी पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजून घ्यावे. अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक बाक चालत नाही. न मोजता नुसते नवे गॅस्केट घालून दिलेले काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही.

निदान होईपर्यंत गाडी चालवावी लागली आणि वाटेत काटा चढला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण जोरात लावावा. गाडीतील माणसे घामाघूम होतील, पण इंजिनाला एक छोटा रेडिएटर जादा मिळतो. वाफ दिसत नसेल, तर सावलीत थांबून इंजिन आयडलवर ठेवावे आणि पंख्याला काम करू द्यावे. वाफ किंवा गळती दिसली, तर लगेच बंद करावे, निदान अर्धा तास टोपणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनावर वरून पाणी ओतू नये, त्याने हेडला भेग जाऊ शकते.

दुरुस्तीनंतरची चाचणी गॅरेजभोवती एक चक्कर मारून होत नाही. दुपारच्या उन्हात एसी लावून दिवे घाट चढावा, सासवडच्या बाजूला माथ्यावर पोहोचताच एसी बंद करावा, पण गाडी बंद न करता काही वेळ आयडलवर उभी ठेवावी आणि पंखा किती वेळाने सुरू होतो, किती वेळाने थांबतो, हे पाहावे. तो थांबतच नसेल, तर काम अपुरे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, टोपण उघडून रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे का हे पाहावे, बाटलीवर पेनाने पातळीची खूण करावी आणि पुढचे दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी, त्याच वेळी, ती खूण तपासत राहावे.